चाळीतला च

कमलाकांत धैर्यवान यांनी अडतीस वर्षं रेडिओवर काढली. या अडतीस वर्षांत त्यांनी महाराष्ट्राला काय दिलं, असं कुणी विचारलं तर ते एका अक्षरात उत्तर देतात. च. आणखी काही दिलं का विचारलं तर ज. हसू नका. मराठीत च दोन आहेत आणि ज पण दोन आहेत, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेल आणि तुम्ही मार्कांपुरतं ऐकून सोडून दिलं असेल. चहातला च वेगळा, चाळीतला च वेगळा. जिन्यातला ज वेगळा, जागेतला ज वेगळा. लिहायला एकच, बोलायला दोन. तुम्ही-आम्ही ते रोज बिनचूक बोलतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. कमलाकांतना पत्ता होता. नुसता पत्ता असता तर काही बिघडलं नसतं, पण त्या पत्त्यावर आपण एकटेच राहतो असं त्यांना वाटायचं.

प्रत्यक्षात ते राहतात फणसवाडीत. तीन मजली, चोवीस खोल्यांची, लाकडी जिन्याची मुकुंद बिल्डिंग. नावात बिल्डिंग, बाकी सगळी चाळच. धैर्यवान म्हणजे पाठारे प्रभू, मुंबईचे म्हणजे अगदी मुंबईचे. आमच्या आधी इथे कोळी होते आणि खाडी होती, असं सांगणारे. ही चाळ एके काळी त्यांच्या पणजोबांची होती. पणजोबा मालक, आजोबा मालकीसाठी कोर्टात, वडील गोदीत कारकून आणि कमलाकांत त्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर पागडीच्या खोलीत. घराण्याची प्रगती अशी पायरी-पायरीने झाली.

चौदाव्या वर्षी त्यांचा आवाज फुटला. फुटला म्हणजे काय, उघडला. खर्जातला, गोल, भरदार. तळमजल्यावरच्या परबांचा लवू, कमलाकांतच्याच वयाचा, त्याचा पण त्याच वर्षी फुटला, पण त्याचा नुसताच फुटला. चाळीच्या गणपतीत माईक कमलाकांतच्या हातात आला तो पुन्हा कुणाला मिळाला नाही. लिंबू-चमच्याच्या शर्यतीचा निकाल ते असा सांगायचे, की हरलेल्या पोरांच्या आयांना राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाल्यासारखं वाटायचं. लवू तेव्हापासून त्यांना कमळ्या म्हणतो. जगात एवढा एकच माणूस त्यांना कमळ्या म्हणतो, आणि तो म्हणताना त्यातलं एकही अक्षर सुधारायची सोय नाही, याचं त्यांना मनातून वाईट वाटतं.

एक्याऐंशी साली सरकारी रेडिओ केंद्रात निवेदकाची आवाज-चाचणी झाली. परीक्षक तीन. कमलाकांतनी उतारा वाचला तो दृष्ट लागावी असा. तिथे थांबले असते तर ते कमलाकांत कसले? निघताना त्यांनी मधल्या परीक्षकाला, वडिलांच्या वयाच्या माणसाला सांगितलं, "मघाशी आपण 'जरा थांबा' म्हणालात, त्यातला ज म्हातारपणाच्या जरेचा झाला. थोडंसं या अर्थाचा जरा वेगळा असतो." दुसरीकडे कुठेही या शहाणपणावर दार दाखवलं असतं. पण जागा भरायची होती, मार्चअखेर आली होती. बाविसाव्या वर्षी कमलाकांत सरकारी झाले.

पुढे ते निर्माते झाले आणि त्यांच्याकडे काय आलं? शेतकऱ्यांचा कार्यक्रम. ज्या माणसाने शेत पाहिलं होतं ते कॅलेंडरवर, त्याने खत, बी-बियाणं आणि म्हशीच्या कासेचे रोग यांवर अकरा वर्षं कार्यक्रम केले. एकदा नाशिककडून बुधाजी नावाचे एक शेतकरी आले. उन्हाळ्यात जनावरं कशी जगवावी यावर माणूस असा बोलत होता की ऐकत राहावं. पण तो पाण्याला पानी म्हणत होता. कमलाकांतनी त्याला थांबवलं. पाणी म्हणा. पुन्हा. पुन्हा. अकरा वेळा झालं. शेवटी बुधाजी हात जोडून म्हणाले, "सायेब, तुमचं पाणी आन् आमचं पानी, ढोराची तहान दोन्हीनं भागती." त्या सबंध मुलाखतीतलं हे सर्वांत चांगलं वाक्य. ते प्रसारित झालं नाही. कमलाकांतनी ब्लेड घेऊन टेपमधून ते नेमकं कापलं, कारण त्यात 'आन्' होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग या माणसात चांगलं काही होतं की नाही? होतं. दोन हजार पाच साली मुंबई बुडाली तेव्हा हा माणूस दोन दिवस, दोन रात्री केंद्रावरून हलला नाही. अमका तमक्या शाळेत आहे, सुखरूप आहे. तमकी अमक्या कचेरीत आहे, तिच्या घरच्यांनी काळजी करू नये. एक एक नाव, एक एक पत्ता, न अडखळता. खात्री झाल्याशिवाय एकही चिठ्ठी वाचली नाही. वरचे साहेब म्हणत होते वाचून टाका, हे म्हणाले, आधी फोन करून विचारा. त्या दोन दिवसांसाठी मी त्यांचे शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. चाळीनेही केले होते. कमळ्या शिष्ट आहे, कमळ्या डोकं खातो, पण कमळ्या रेडिओवरून खोटं सांगणार नाही, असं लवू म्हणायचा आणि सगळे माना डोलवायचे.

रेडिओवाल्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, चेहरा कुणालाच नाही. त्यामुळे रांगेत मान मिळवायचा तर तोंड उघडावं लागतं. कमलाकांत ते उघडत. घरी तर ते उघडंच असे. त्यांची बायको नलू, दादरच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. नलूवहिनी फार कमी बोलतात, असं चाळीतल्या बायका म्हणत. शाळेत ती पस्तीस वर्षं तास तास बोलत होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

एकोणीस साली कमलाकांत निवृत्त झाले. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. नंतर काय? काही नाही. फोन वाजायचा तो कर्ज घेता का विचारायला. ते त्या मुलींचे उच्चार सुधारायचे आणि मुली फोन ठेवायच्या. अशी पाच वर्षं गेली आणि मग गेल्या वर्षी अनिमेष आला.

अनिमेष तिशीतला, गोरागोमटा, पाया पडणारा. 'स्वरबिंब' नावाच्या कंपनीचा. परळला, जिथे पूर्वी गिरणीचा भोंगा वाजायचा तिथे आता जो काचेचा मनोरा उभा आहे, त्याच्या बाराव्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. तो म्हणाला, "सर, असा मराठी व्हॉइस आता होणे नाही. आम्हाला तो प्रिझर्व्ह करायचाय. पुढच्या पिढ्यांसाठी." खरी गोष्ट अशी की कमलाकांतच्या आवाजावर त्यांना एक यंत्र शिकवायचं होतं. मग लिहून दिलेलं काहीही ते यंत्र त्या आवाजात बोलणार. अनिमेषने हेही सांगितलं, लपवलं नाही. पण कमलाकांतनी 'पुढच्या पिढ्या' ऐकलं आणि त्यानंतरचं काही ऐकलं नाही.

बारा दिवस ते परळला गेले आणि तीन हजार वाक्यं वाचून आले. 'मांजर कपाटावर बसले आहे.' 'आपले सरकार आपल्या पाठीशी आहे.' 'या डब्यात चकली नाही.' आपण च आणि ज यांचा एक तक्ता करून देतो, असं त्यांनी सुचवलं, तर अनिमेष म्हणाला, "नको सर, मशीन स्वतःच शिकतं." शेवटच्या दिवशी सतरा पानांचा करार पुढे आला, इंग्रजीत. एका अनुस्वारासाठी तीन-तीनदा संहिता परत पाठवणाऱ्या या गृहस्थांनी त्यातलं फक्त पहिलं पान पाहिलं, त्यावर 'लेजंड' असा शब्द होता. सही केली. पुन्हा शाल, पुन्हा श्रीफळ. श्रीफळाची नलूने चटणी केली.

इकडे चाळीत वेगळंच शिजत होतं. मुकुंद बिल्डिंग पाडून तिथे टॉवर बांधायला श्रीस्थान डेव्हलपर्स नावाचा बिल्डर आला होता. चोवीस खोल्यांतल्या तेरा जणांनी संमती दिली की त्याचं काम होणार. नऊ जणांनी केव्हाच सह्या दिल्या होत्या. बाकीचे पंधरा थांबले होते ते कमलाकांतच्या शब्दावर. बिल्डरच्या पहिल्या पत्रकात 'पुनर्विकास'चं 'पुर्नविकास' झालं होतं. कमलाकांतनी पत्रक तिथेच लाल करून परत पाठवलं. ज्याला रफार कुठे द्यायचा कळत नाही तो आपल्याला घरं काय देणार, असं ते चाळीच्या सभेत म्हणाले. लोक हसले. पण मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती हसण्यासारखी नव्हती. तात्पुरतं मानखुर्दला पाठवणार म्हणतात, परत कधी आणणार हे कागदावर कुठेच नाही. तारखेसकट नोंदणी केलेला करार हातात पडेपर्यंत कुणीही सही करू नका. हे मात्र शंभर टक्के बरोबर होतं. आणि लोकांनी ते ऐकलं. माणसाचं खरं वजन कळायला एखादी वेळ यावी लागते, ती कमलाकांतवर साठीनंतर आली. गिरगावातलं घर पणाला लागलं होतं आणि त्यांचा शब्दही. त्यांना स्वतःला शब्दाची काळजी जास्त होती.

मग तो रविवार आला. माटुंग्याला 'मराठी उच्चार: काल, आज आणि उद्या' असा परिसंवाद होता. श्रोते चौदा, त्यातले पाच आयोजक. कमलाकांतना पंधरा मिनिटं दिली होती, ते 'काल'वरच सव्वा तास बोलले, 'आज'पर्यंत पोचलेच नाहीत. फोन अर्थातच बंद. आणि बरोबर त्या वेळी चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ध्वनिफीत येऊन पडली.

"नमस्कार मंडळी. आपली चाळ म्हणजे आपली माणसं. आज ही चाळ थकली आहे. हक्काची नवी जागा आपली वाट पाहते आहे. कृपया संमतीपत्रावर सही करा. काळजी करू नका, मी आहे ना."

नाव नाही, गाव नाही. पण आवाज? चाळीतल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. खर्ज तोच, गोलाई तीच, 'माणसं'नंतरचा तो अर्ध्या श्वासाचा विरामसुद्धा तोच. खाली चौकात बिल्डरची माणसं टेबल टाकून तयारच होती.

कमलाकांत चार वाजता परत आले तेव्हा नऊचे बारा झाले होते. लवू जिन्यापाशी कपाळाला हात लावून बसला होता. "अरे कमळ्या, सही करू नका म्हणून तूच बोंबललास आणि आता तूच करा म्हणतोस? आमका काय येडे समजलस?"

कमलाकांतनी ध्वनिफीत ऐकली. एकदा ऐकली, दोनदा ऐकली. त्यांचा चेहरा पांढरा पडेल असं लवूला वाटलं होतं, तो चक्क उजळला. "हा मी नाहीच! ऐक ना, 'चाळ' कसं म्हणतोय! चहातला च लावलाय! आणि 'जागा' ऐक, जिन्यातला ज! अरे, मी मेलो तरी चाळीला असा च लावेन का?"

लवूने फोन कानाला लावला. पुन्हा लावला. डोळे मिटून ऐकलं. "माका तरी दोनय सारकेच वाटतत रे."

सगळी चाळ गॅलरीत गोळा झाली. कमलाकांत एकेकाला फोन देत होते आणि हातवारे करून सांगत होते, हा बघा, हा असा, दातांना जीभ लागली पाहिजे. माणसं बिचारी ऐकत होती. गंमत म्हणजे "च-बिच आम्हाला नाही कळत, चाळीतलाच आवाज वाटतो" असं सांगताना तीच माणसं तो च अगदी बिनचूक उच्चारत होती. लवूची बायको मालन म्हणाली, "भावोजी, माणूस बोलता तेव्हा आम्ही काय बोलता ता ऐकतो. च कोण ऐकत बसता?" अडतीस वर्षं महाराष्ट्राला च ऐकवल्यावर एवढं फळ पदरात पडलं. कमलाकांतना रडू यायचंच बाकी होतं.

लवू मात्र पक्का मित्र. तो म्हणाला, "हे बघ, मी मानतो तुझं. पण माझ्या मानण्याने काय होणार? त्या कंपनीकडून लिहून आण, हा माणूस बोललेला नाही, मशीन बोललंय म्हणून. तो कागद दाखवला की तिघं सह्या मागे घेतात की नाही बघ. आणि उरलेले बारा हलणार नाहीत." साधं काम होतं. एक चिठ्ठी आणायची.

सोमवारी सकाळी कमलाकांत परळला बाराव्या मजल्यावर जाऊन धडकले. अनिमेष पाया पडला. मग म्हणाला, "सर, टेक्निकली तो तुमचा आवाज नाहीच. तो आमचा आवाज आहे, तुमच्यावर ट्रेन झालेला. क्लायंट घेतो, वापरतो. पान अकरा."

"मग तेच लिहून द्या! माझा आवाज नाही म्हणून!"

"ते कसं देणार सर? क्लायंटची कॉन्फिडेन्शियल गोष्ट आहे."

कमलाकांत भडकले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "लाज वाटली पाहिजे! तुमच्या यंत्राला धड चाळ म्हणता येत नाही!"

इथे अनिमेष सरसावून बसला. "काय सांगता सर? कुठे चुकतं?"

आणि आमचे कमलाकांत सांगू लागले. काय करणार, स्वभावाला औषध नाही. देविका नावाची एक मुलगी संगणक घेऊन आली, समोर बसली आणि टिपून घेऊ लागली. चहा, चारा, चोर, चूल. जग, जागा, जन आणि जण. कॉफी आली. अडतीस वर्षांत केंद्रावर कुणी त्यांचं एवढं मन लावून ऐकलं नव्हतं. "सर, आणि 'पाच' आकडा?" "शाब्बास! हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही." तास-दीड तास झाला. देविकाने बटण दाबलं आणि यंत्र त्यांच्याच आवाजात म्हणालं, "आपली चाळ, आपली जागा." दातांना जीभ लागून, स्वच्छ, लखलखीत.

"वा!" कमलाकांत म्हणाले.

लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यापर्यंत ते खुशीत होते. सहाव्याला त्यांना आठवलं की आपण चिठ्ठी आणायला आलो होतो. पाचव्याला आठवलं की आपला नि यंत्राचा फरक दाखवणारी एकच खूण होती, आणि ती आपण आताच आपल्या हाताने पुसून आलो. अति शहाण्याचा बैल रिकामा राहतो म्हणतात. यांनी तर बैल नेऊन चोराच्या दारात बांधला, वर वैरणही घालून आले.

घरी कुणाला हे सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. लवूला म्हणाले, दोन दिवसांत चिठ्ठी देणार आहेत. आयुष्यात माईकसमोर खोटं बोलले नव्हते, ते जिन्यात बोलले.

बुधवारी संध्याकाळी दुसरी ध्वनिफीत आली. कमलाकांत तेव्हा चौकात लवूजवळ उभे होते. सगळ्या गॅलऱ्यांतून एकदम त्यांचा आवाज सुरू झाला.

"मंडळी, चाळ सोडताना जीव तुटतो, मला माहीत आहे. पण आज एक करा. घरातल्या बाईला विचारा. तिच्या गुडघ्यांना विचारा, हा जिना रोज किती वेळा चढावा लागतो. तिला काय हवंय ते तरी एकदा विचारा."

एकही च चुकला नाही. एकही ज चुकला नाही. ऐकताना कमलाकांतची मान सवयीने किंचित हलली, बरोबर, बरोबर. लवूने ते पाहिलं. त्याने जरा अंतर घेतलं. पंचावन्न वर्षांची दोस्ती, आणि त्याने अंतर घेतलं. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणात कमलाकांतना सर्वांत जास्त लागलं ते तेवढंच.

अर्ध्या तासाने बिल्डरच्या माणसाने टेबल आवरलं, खुर्च्या घडी केल्या. तेरावी सही झाली होती.

"कुणाची?" कमलाकांतनी विचारलं.

"माका नको विचारू," लवू म्हणाला. "घरी जा."

ते तीन मजले चढून वर गेले. नलू मोरीजवळ पाटावर बसून कोलंबी सोलत होती.

"तेरावी तुझी?"

"हो."

खोलीची भाडेपावती नलूच्या नावावर होती. नोकरीत असताना सरकारी क्वार्टर मिळावं म्हणून, आपलं मुंबईत घर नाही असं दाखवायला कमलाकांतनी स्वतःच ती तिच्या नावावर करवून घेतली होती. क्वार्टर मिळालं नाही आणि पावतीचं ते विसरून गेले. चाळीच्या सभांत इतके महिने ज्या हक्काने ते गर्जत होते, तो कागदावर बायकोचा होता.

"म्हणजे तुलासुद्धा तो मीच वाटलो?"

"छे. मला रविवारीच कळलं तुम्ही नव्हेत ते."

कमलाकांतच्या जिवात जीव आला. निदान एक माणूस! तेही घरातलं! "च वरून ना? मला खात्री होती. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढलीस..."

"कसला च? तो 'कृपया' म्हणाला."

कमलाकांत म्हणाले, "तू खाली जाऊन सांगितलं का नाहीस मग?"

"सांगितलं ना. मालनला म्हटलं, हे आमच्या ह्यांचं नव्हे, ह्यांना एवढं गोड येत नाही. ती म्हणाली, गो वयनी, रिटायर झाल्यार माणूस सुधारता."

"आणि सगळं कळत असून सही केलीस? ही फसवणूक आहे, नलू! माझ्या आवाजाने लोकांना फसवलंय!"

"लोकांना फसवलंय, आणि त्यासाठी तुम्ही पोलिसांत जा, मी पण येते साक्षीला. मला कुणी फसवलेलं नाही. मी सगळी पानं वाचली. परत कधी आणणार ते खरंच नाहीये त्यात, तुमचं बरोबर होतं. मी हाताने तारीख घालून घेतली त्यांच्याकडून, माझ्या कागदावर. आणि लिफ्ट आहे त्यात." तिने कोलंबीचं भांडं बाजूला सरकवलं आणि भिंतीला धरून, दोन दमांत, उठली. "मला नाही हो चढवत आता. त्या मेल्या यंत्राने निदान विचारलं तरी."

कमलाकांत तिच्याकडे बघत राहिले. ती उठते कशी, हे ते पहिल्यांदाच बघत होते. त्यांचा आवाज चढला, तो रागाने चढला की आणखी कशाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "अगं, पण मला सांगायचंस! दुखतंय म्हणून एकदा तरी मला सांगायचंस!"

"दोनदा सांगितलं," नलू म्हणाली. "पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, गुडगे नव्हे नलू, गुडघे. दुसऱ्यांदा मी नीट म्हटलं, तर म्हणालात, हं, आता बरोबर."